भविष्य सांगणारे इंग्रजी शब्द मुळापासून वाचायला कसं शिकावं

प्रॉफेसी, प्रेडिक्शन, फोरकास्ट, ऑरॅकल, ओमेन. शब्दकोशात या सगळ्यांपुढे भविष्य, भाकीत, शकुन असे दोन-चारच मराठी शब्द आलटून पालटून दिसतात. त्यामुळे वाचणाऱ्याला, आणि त्याहून जास्त भाषांतर करणाऱ्याला वाटतं, यातला कुठलाही घेतला तरी चालेल. चालत नाही. पुढे काय होणार ते मला कळलं, असा दावा यातला प्रत्येक शब्द करतो. पण कळलं कशाच्या बळावर? कुणी म्हणतो देव माझ्या तोंडून बोलला. कुणी पक्ष्यांकडे बोट दाखवतो, कुणी ग्रहांकडे, कुणी आकडेमोडीकडे. शब्दाचं मूळ शोधायचं ते या प्रश्नाचं उत्तर मिळवायला.

हा लेख अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. लॅटिन किंवा ग्रीक यायला हवं असं नाही. संस्कृत शब्द कानावरून गेलेले असले की पुष्कळ काम सोपं होतं, आणि मराठी बोलणाऱ्याच्या कानावरून ते गेलेले असतातच.

पहिली पायरी: शब्द कुठल्या घरचा ते ओळखा

इंग्रजीत तीन घरांचे शब्द एकत्र नांदतात. पहिलं घर जुन्या इंग्रजीचं, म्हणजे १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्याच्या आधीचं. दुसरं लॅटिनचं, कधी थेट तर कधी फ्रेंचमधून आलेलं. तिसरं ग्रीकचं, तेही बहुतेक वेळा लॅटिनचा उंबरा ओलांडून आलेलं. भविष्याच्या शब्दांत हे घर ओळखायची एक सोपी खूण आहे. शब्दाची सुरुवात पाहा. 'फोर' असेल तर जुनं इंग्रजी: फोरटेल, फोरसी, फोरबोड. 'प्री' असेल तर लॅटिन: प्रेडिक्ट, प्रीमोनिशन. 'प्रो' असेल आणि पुढे पीएच किंवा जीएनसारखी जोडी दिसली तर बहुधा ग्रीक: प्रॉफेट, प्रॉग्नोसिस.

फोर, प्री आणि प्रो या तिन्ही एकाच प्राचीन मुळाच्या फांद्या आहेत, आणि चौथी फांदी आपल्याकडे आहे: 'प्र'. प्रगती, प्रस्थान, प्रवचन यांतला प्र तोच. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या शब्दांची दारं किलकिली होतात.

ही खूण सगळीकडे लागू पडत नाही. ओमेन, ऑगर, वियर्ड, डूम यांना असा उपसर्गच नाही. शिवाय फोरकास्टसारखा शब्द मिश्र असतो: 'फोर' जुन्या इंग्रजीचा, आणि 'कास्ट' म्हणजे फेकणे हे क्रियापद उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेल्या लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतलं. तेव्हा खूण ही सुरुवात समजा आणि खात्री कोशात करा.

दुसरी पायरी: शब्दाला विचारा, 'कशाच्या बळावर?'

इथे घाई करू नका. अभ्यासाचा खरा आनंद याच पायरीवर आहे.

आधी बोलण्याचे शब्द घेऊ. प्रॉफेट हा ग्रीक 'प्रोफेटीस'वरून आला. त्यात 'प्रो' आणि 'बोलणे' या अर्थाचा धातू आहे. आज प्रॉफेट म्हटलं की आधीच सांगून ठेवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. मुळात भर 'आधी'वर नव्हता, 'वतीने' बोलण्यावर होता. ग्रीसमध्ये पर्नासस डोंगराच्या कुशीत डेल्फी इथे अपोलोचं मंदिर होतं. तिथे पिथिया नावाची स्त्री तिपाईवर बसून देवाचा शब्द उच्चारत असे आणि तिच्यासोबत प्रोफेटीस म्हणवले जाणारे सेवेकरी असत. पुढे इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात हिब्रू धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर होऊ लागलं. हिब्रूतल्या 'नबी' या शब्दासाठी भाषांतरकारांनी प्रोफेटीस निवडला. निवड अगदी चपखल होती, कारण नबीही देवाच्या वतीने बोलणारा.

हे नबी बोलत काय होते? इ.स.पू. आठव्या शतकातला आमोस घ्या. तकोवा गावचा मेंढपाळ. तो इस्राएलच्या लोकांना भर गावात सुनावतो, की तुम्ही गरजू माणसाला चपलांच्या एका जोडासाठी विकता. पुढे काय होईल हेही तो सांगतो, पण ते ताकीद म्हणून. आज कुणा समाजसुधारकाला इंग्रजीत प्रॉफेटिक व्हॉइस म्हणतात तेव्हा हाच जुना अर्थ जागा असतो. त्याचं भाषांतर 'भविष्यवेत्ता आवाज' केलं की सगळं मुसळ केरात जातं.

शब्द इंग्रजीत आला बाराव्या शतकाच्या अखेरीस, जुन्या फ्रेंचमधून. त्याआधी इंग्रज लोक अशा माणसाला 'विटेगा' म्हणत. म्हणजे जाणणारा. त्यातला 'विट' आणि आपल्या विद्या, वेद यांतला 'विद्' सख्खे आहेत. हा घरचा शब्द मागे पडला आणि परका रुळला, हे मला फार वाईट वाटतं. विटेगा छान शब्द होता.

बोलण्याच्या याच धातूचा लॅटिन भाऊ म्हणजे 'फारी'. त्याचं भूतकाळवाचक रूप 'फातुम', म्हणजे बोललं गेलेलं. त्यावरून इंग्रजी फेट. देवाने एकदा उच्चारलं की ते बदलत नाही, ते नशीब. याच धातूतून फेम आला (लोक ज्याच्याबद्दल बोलतात), फेबल आला (सांगितलेली गोष्ट), आणि इन्फंट आला, म्हणजे ज्याला अजून बोलता येत नाही ते बाळ. परीसाठीचा फेअरीही फेटच्याच कुळातला, फ्रेंचमधून फिरून आलेला. संस्कृतातला 'भण्' याच कुटुंबातला असावा असं अभ्यासक मानतात, आणि 'भण्'वरूनच प्राकृतातून मराठी 'म्हणणे' आलं. आपण दिवसभर 'म्हणजे', 'म्हणून', 'म्हणाला' करत असतो, ते फेट आणि प्रॉफेटच्या नात्यातलं आहे.

प्रेडिक्टमध्येही बोलणं आहे, पण निराळ्या धातूचं. 'प्राय' म्हणजे आधी, 'दिकेरे' म्हणजे सांगणे. आधी सांगणे, बस्स. यात देव नाही आणि स्वप्नही नाही. म्हणूनच विज्ञानाला हा शब्द मानवला असावा. दिकेरेचं मूळ 'दाखवणे' असं होतं आणि संस्कृतात तेच 'दिश्' झालं: दिशा, निर्देश, आदेश.

ऑरॅकल हा लॅटिन 'ओरारे'वरून, म्हणजे बोलणे, विनवणे. ऑरेटर, म्हणजे वक्ता, हा त्याच घरचा. एक गोष्ट ध्यानात ठेवा. ऑरॅकल या एकाच शब्दाने देवाचं उत्तरही सांगतात, उत्तर देणारी व्यक्तीही आणि ती जागाही. संदर्भ पाहूनच ठरवावं लागतं. डेल्फीची उत्तरं दुहेरी अर्थाची असत अशी त्यांची ख्याती. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, लिडियाचा राजा क्रीसस याने पर्शियावर चाल करू का असं विचारलं. उत्तर आलं, केलीस तर एक मोठं साम्राज्य नष्ट होईल. झालं तसंच, फक्त साम्राज्य त्याचं स्वतःचं होतं. त्यामुळे इंग्रजीत डेल्फिक म्हणजे मोघम, दोन्हीकडून लागणारं बोलणं.

आता पक्षी. लग्नाच्या इंग्रजी पत्रिकेत 'ऑस्पिशस ओकेजन' हे शब्द हमखास असतात आणि आपण ते 'शुभ प्रसंगी' असं समजून पुढे जातो. शब्द फोडून पाहा. लॅटिन 'अविस' म्हणजे पक्षी. 'स्पेकेरे' म्हणजे पाहणे, ज्याचा संस्कृत भाऊ 'पश्यति'. ऑस्पिशस म्हणजे पक्षी पाहून शुभ ठरलेलं. रोममध्ये हे काम करणाऱ्या पुरोहिताला ऑगर म्हणत. हातातल्या आकड्याच्या काठीने तो आकाशाचा एक तुकडा आखून घेई आणि त्या चौकटीत पक्षी कुठून येतात, कुठे जातात, कसे ओरडतात ते पाही. त्या आखलेल्या जागेचं नाव 'टेम्प्लुम'. त्यातूनच टेम्पल, आणि त्यातूनच काँटेम्प्लेट, म्हणजे एकटक पाहत चिंतन करणे. ऑगरवरून इनॉग्युरेशन: पक्ष्यांचा कौल घेऊन कामाला आरंभ करणे. आज आपण फीत कापतो.

पक्षी नेहमी आकाशातलेच नसत. लढाईवर जाताना सैन्य पिंजऱ्यातल्या पवित्र कोंबड्या बरोबर नेई. दाणे टाकल्यावर त्या अधाशासारख्या तुटून पडल्या, चोचीतून दाणे खाली सांडले, की कौल चांगला. इ.स.पू. २४९ मध्ये सिसिलीजवळ द्रेपानाच्या समुद्रात कार्थेजच्या आरमारावर हल्ला करण्यापूर्वी सेनापती पब्लियस क्लॉडियस पुल्केर याने कोंबड्यांना दाणे घातले. त्या खाईनात. 'खायचं नसेल तर पिऊ दे,' म्हणत त्याने त्या समुद्रात फेकून दिल्या. लढाईत रोमची ९३ जहाजं शत्रूच्या हाती गेली आणि परतल्यावर त्याच्यावर खटला भरून त्याला दंड झाला. ऑस्पिशस शब्द वाचताना मला नेहमी या कोंबड्या आठवतात. शब्दामागे माणसं आपले निर्णय केवढ्या गांभीर्याने टांगून ठेवत होती हे त्यातून दिसतं.

मराठी वाचकाला यात परकं काहीच वाटू नये. 'शकुन' या संस्कृत शब्दाचा अर्थच मुळी पक्षी. शकुंतला हे नाव पक्ष्यांनी सांभाळलेली म्हणून, आणि महाभारतातला शकुनि हाही नावाने पक्षीच. कावळा ओरडला की पाहुणा येणार हे आजीकडून ऐकलेलं असतं. पहाटे दारी येणारा पिंगळा हे नावच पिंगळा नावाच्या लहान घुबडावरून आहे, त्याला त्या पक्ष्याची भाषा कळते अशी समजूत. ऑस्पिशस आणि शकुन यांच्यात शब्दांचं नातं काहीच नाही, धातू पूर्ण वेगळे. पण दोन समाजांनी एकाच ठिकाणी मान वर करून पाहिलं. शब्दाचं नातं आणि विचाराचं साम्य या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची सवय इथेच लावून घ्या.

खुणांचे बाकीचे शब्द भराभर घेऊ. ओमेन थेट लॅटिनमधला. तो लॅटिनमध्ये कुठून आला याचा पक्का माग लागत नाही. त्यावरून ऑमिनस, आणि अबॉमिनेबलसुद्धा: अपशकुन दिसल्यासारखं अंग चोरून दूर व्हावं असं. मॉन्स्टर हा 'मोनेरे'वरून, म्हणजे ताकीद देणे. विचित्र जन्मलेलं वासरू ही देवांची ताकीद मानत, म्हणून ते मॉन्स्टर. मुलाच्या अफाट बुद्धीसाठी आपण वापरतो तो प्रॉडिजी हा शब्दही आधी अशाच दैवी खुणेसाठी होता.

पाहण्याचे शब्द त्याहून सोपे. सीअर म्हणजे नुसता पाहणारा. आपला द्रष्टा. क्लेअरव्हॉयंट फ्रेंच, स्वच्छ दिसणारा. प्रॉव्हिडन्स म्हणजे पुढचं पाहून केलेली तरतूद. व्यवहारी शहाणपणाचा प्रूडंट हा त्याचाच आखडून तयार झालेला शब्द.

ग्रहताऱ्यांकडे आलो की मराठी वाचकाचं पारडं जड होतं. होरोस्कोप हा ग्रीक शब्द: 'होरा' म्हणजे तास किंवा वेळ, आणि 'स्कोपोस' म्हणजे पाहणारा, जन्मवेळ पाहणारा. आपल्या पंचांगातली होरा हीच. ग्रीकांचं फलज्योतिष भारतात आलं तेव्हा शब्दही आले. सहाव्या शतकात वराहमिहिराने होरा शब्दाची एक व्युत्पत्ती नोंदवली आहे: 'अहोरात्र' यातलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळलं की होरा उरतो, असं काही जण मानतात. सुंदर आहे, पण खरी नाही. शब्द ग्रीकच. त्याच वाटेने आलेला दुसरा शब्द तर आपण रोज वापरतो. ग्रीक 'केंट्रोन' संस्कृतात 'केंद्र' झाला आणि कुंडलीतल्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या स्थानांना ते नाव मिळालं. इंग्रजी सेंटरही केंट्रोनचाच. परीक्षा केंद्र आणि एक्झाम सेंटर यांत केंद्र आणि सेंटर एकच शब्द आहेत, दोन वाटांनी आलेले.

डिझास्टरमध्ये 'अस्त्रो', म्हणजे तारा, आहे: तारे फिरले. इन्फ्लुएंझा हा इटालियन, आणि अर्थ 'प्रभाव'. ताप पसरतो तो ताऱ्यांच्या प्रभावाने अशी समजूत होती. १७४३ मध्ये इटलीतून साथ पसरली तेव्हा रोगाबरोबर शब्दही इंग्रजीत आला.

राहिला वेड्या भारलेपणाचा गट. ग्रीकमध्ये 'मांटिस' म्हणजे भविष्य सांगणारा, आणि त्याचं नातं मॅनियाशी, म्हणजे अंगात आल्यासारख्या अवस्थेशी. पुढचे पाय जोडून बसणाऱ्या हिरव्या किड्याला प्रेइंग मँटिस म्हणतात ते त्याच्या त्या मुद्रेमुळे. शेवटी 'मॅन्सी' असलेला इंग्रजी शब्द दिसला की समजावं, कशावरून तरी भविष्य काढण्याची ती विद्या आहे. किरोमॅन्सी हातावरून, नेक्रोमॅन्सी मेलेल्यांना बोलतं करून.

तिसरी पायरी: कोशातली नोंद वाचायला शिका

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश ग्रंथालयातून किंवा विद्यापीठाच्या खात्यावरून पाहता येतो. त्यात प्रत्येक अर्थाखाली जुनी वाक्यं सालासकट दिलेली असतात. डग्लस हार्पर यांचा ऑनलाइन एटिमॉलॉजी कोश मोफत आहे आणि सुरुवातीला तोच पुरतो. मराठी बाजूसाठी मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश हाताशी ठेवा.

नोंद वाचताना चार गोष्टी पाहा. एक, क्रम उलटा असतो: आधी आजचं रूप, मग त्याच्या मागचं, मग त्याच्याही मागचं. दोन, दिलेलं साल म्हणजे शब्द जन्मला ते साल नव्हे, लिखाणात सापडलेला सगळ्यात जुना पुरावा. तीन, एखाद्या रूपाआधी तारांकन दिसलं तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी भावंड भाषा ताडून ते मांडलं आहे. चार, 'मूळ अज्ञात' असं लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा. आपल्या मनाने जोडाजोड करायचा मोह तिथेच सगळ्यात जास्त होतो.

सरावाला वियर्ड हा शब्द घ्या. आज अर्थ विचित्र. नोंदीत मागे जा: जुन्या इंग्रजीत 'विर्ड' हे नाम, अर्थ नशीब. त्याच्या मागे 'वेओर्थान' हे क्रियापद, अर्थ होणे, घडणे. त्याच्याही मागे तारांकित धातू, अर्थ वळणे, फिरणे. संस्कृतात तोच 'वृत्', ज्यावरून वर्तुळ, वर्तन, वर्तमान. आता परत पुढे या. नशिबाचा शब्द विचित्राचा कसा झाला? स्कॉटलंडमध्ये दैव ठरवणाऱ्या स्त्रियांना वियर्ड सिस्टर्स म्हणत. शेक्सपिअरने मॅकबेथमध्ये तीन चेटकिणींना ते नाव दिलं. रंगभूमीवर त्या अक्राळविक्राळ दिसू लागल्या आणि लोकांनी त्यांच्या रूपावरून शब्दाचा अर्थ लावला. एकोणिसाव्या शतकात तो नुसता विचित्र उरला. मराठीत 'भाकीत वर्तवणे' म्हणतो, ते वर्तवणे याच वृत्चं. जे घडणार ते शब्दांत घडवून दाखवणे.

जुन्या इंग्रजीचे आणखी दोन शब्द असेच सोडवून पाहा. सूथसेअर यातला 'सूथ' म्हणजे सत्य, आणि तो आपल्या 'सत्'चा भाऊ. सूथसेअर म्हणजे खरं बोलणारा. बोड म्हणजे शुभाशुभ सुचवणे, त्याचं मूळ निरोप्या या अर्थाच्या 'बोडा'त, आणि धातू 'बुध्': बोध, बुद्ध.

चौथी पायरी: सारखे दिसणारे शब्द जपून हाताळा

प्रीसेज म्हणजे आधी जाणवणे, आणि सेज म्हणजे ज्ञानी माणूस. दोघांचा काही संबंध नाही. पहिला तीव्रतेने जाणवणे या अर्थाच्या 'सागिरे'वरून, दुसरा चव घेणे, समज असणे या अर्थाच्या 'सापेरे'वरून. प्रॉफेट आणि नफा या अर्थाचा प्रॉफिट कानाला सारखेच, पण प्रॉफिट लॅटिनमधल्या पुढे जाणे या क्रियापदाचा. भविष्य पाहणारा ऑगर आणि सुताराचं गिरमिट, तेही ऑगर, उच्चाराने जवळजवळ जुळे, कुळाने पूर्ण परके.

सगळ्यात फसवी जोडी देवाची. डिव्हाइन आणि डिव्हिनेशन, म्हणजे दैवी सूचनेने जाणणे, यांच्या मुळाशी लॅटिन 'देउस' आहे आणि तो खरोखर आपल्या 'देव'चा सख्खा. आपल्याकडेही देववरून दैव आणि दैवज्ञ झाले. पण ग्रीक 'थेओस' देउससारखा दिसत असला तरी वेगळ्या मुळाचा आहे. तेव्हा नुसत्या आवाजावर कधीच विश्वास ठेवू नका. दोन भाषांत ध्वनी ठराविक नियमाने बदलतात का ते पाहायचं असतं. नवख्याने ते काम कोशावर सोपवावं. समाजमाध्यमांवर 'हा इंग्रजी शब्द मूळचा संस्कृत' अशा याद्या फिरतात, त्यांतल्या बऱ्याच नोंदी या एका कसोटीवर कोसळतात.

पाचवी पायरी: मूळ कळलं, आता आजचा वापर पाहा

मुळाने आजचा अर्थ ठरत नाही. अपॉकॅलिप्सचा ग्रीक अर्थ झाकण काढणे, उघड करणे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचं ते नाव. त्यात जगाच्या अंताची दृश्यं आहेत म्हणून आज अर्थ झाला सर्वनाश. बातमीत सर्वनाश हाच बरोबर, पण पुस्तकाचं नाव मराठी बायबलात 'प्रकटीकरण' आहे आणि ते मुळाला धरून आहे.

फोरकास्ट मात्र ठरवून वेगळा काढलेला शब्द आहे. आधी त्याचा अर्थ बेत आखणे असा होता. १८५४ मध्ये ब्रिटनमध्ये हवामानाचं सरकारी खातं निघालं. त्याचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय, म्हणजे तरुण डार्विनला घेऊन गेलेल्या बीगल जहाजाचे कप्तान. ऑक्टोबर १८५९ मध्ये रॉयल चार्टर हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं आणि साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. फिट्झरॉय यांनी तारेने निरीक्षणं गोळा करून वादळाच्या सूचना द्यायला सुरुवात केली आणि १ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये पहिला सार्वजनिक अंदाज छापून आला. त्यांनी आपल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं, की हे प्रॉफेसी नव्हे आणि प्रेडिक्शनही नव्हे. निरीक्षण आणि गणित यांतून निघालेल्या मताला ते फोरकास्ट म्हणत होते. पंचांगवाल्यांपासून आपलं शास्त्र वेगळं दाखवण्यासाठी केलेली ही निवड दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकली आहे.

भारताचं हवामान खातं १८७५ चं. १९२८ मध्ये त्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आजही पुणेकर सिमला ऑफिस म्हणतात. मराठीत आपण हवामानाचा 'अंदाज' म्हणतो. हा फारसी शब्द, मूळ क्रियापद फेकणे या अर्थाचं. गोलंदाज आणि तिरंदाज यांतला 'अंदाज' तोच. फोरकास्टमधलं कास्ट म्हणजेही फेकणे. म्हणून फोरकास्टला अंदाज हा शब्द मला सर्वांत पक्का वाटतो. पावसाच्या किंवा महागाईच्या बातमीत 'तज्ज्ञांची भविष्यवाणी' असं लिहिणं सोडून द्यावं. भविष्यवाणीत वाणी आहे, कुणाचा तरी अधिकार आहे. अंदाज चुकू शकतो हे त्या शब्दातच मान्य केलेलं असतं.

भूकंपशास्त्रात हा फरक आणखी काटेकोर आहे. प्रेडिक्शन म्हणजे अमुक दिवशी, अमुक जागी, अमुक तीव्रतेचा धक्का बसेल असं सांगणं. असं आजवर कुणालाच जमलेलं नाही. फोरकास्ट म्हणजे इतक्या वर्षांत एवढी शक्यता, आणि ते करता येतं. १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या राज्यात, धक्का बसला की तारीखवार निरोप फिरायला लागतात, तेव्हा बातमीदाराने हे दोन शब्द एकमेकांत मिसळू नयेत असं मला मनापासून वाटतं.

सहावी पायरी: मराठी शब्द निवडा

प्रॉफेटसाठी मराठीत एकच शब्द शोधू नका. ख्रिस्ती संदर्भात 'संदेष्टा', कारण मराठी बायबलात तोच रूढ आहे. इस्लामच्या संदर्भात 'पैगंबर'. हा फारसीतून आलेला, पैगाम म्हणजे निरोप, तो आणणारा. दोन्ही शब्द निरोपाचे आहेत, म्हणजे नबी आणि प्रोफेटीस यांच्या मूळ अर्थाला धरून. 'प्रेषित' हा शब्द वर्तमानपत्रांत प्रॉफेटसाठी सर्रास येतो, पण मराठी बायबलात प्रेषित म्हणजे अपॉसल, येशूने पाठवलेला शिष्य. ख्रिस्ती विषयावर लिहिताना ही गल्लत वाचकाला खटकते. विचारवंताबद्दल लाक्षणिक अर्थाने आला तर 'द्रष्टा'.

ओमेनला शकुन किंवा अपशकुन. इंग्रजी शब्द दोन्हीकडे चालतो, मराठीत बाजू निवडावी लागते. फेटला दैव, विधिलिखित, नशीब. मूळ बोलण्याचं असलं तरी आपल्याकडे ते कपाळावर लिहिलेलं असतं, आणि वाचकाला ते तसंच भिडतं. ऑरॅकलसाठी जुन्या कथेत देववाणी किंवा कौल. गोव्याकोकणात देवाला कौल लावणं आजही चालू आहे, त्यामुळे हा शब्द जिवंत आहे. डॉक्टरांच्या प्रॉग्नोसिसमध्ये ग्रीक 'ग्नो' आहे, आपल्या 'ज्ञा'चा भाऊ. तिथे भविष्य हा शब्द टाळून 'आजाराची पुढची वाटचाल' असं सरळ लिहावं.

एक बारकावा स्पेलिंगचा. प्रॉफेसी हे नाम सी-वायने संपतं आणि उच्चार शेवटी 'सी'. क्रियापद एस-वायने संपतं आणि उच्चार शेवटी 'साय'. मुळात हा फरक नव्हता, पुढे वापराने पडला. परीक्षेत आणि मुद्रितशोधनात इथे चुका होतात.

सरावासाठी पुढचे शब्द: पोर्टेंट, प्रीमोनिशन, फोरबोड, सिबिल, जेरेमायड, कसँड्रा. शेवटचे तीन नावांवरून आलेले आहेत. जेरेमायडसाठी बायबलमधला यिर्मया वाचा. कसँड्रासाठी ट्रॉयच्या राजकन्येची गोष्ट वाचा: अपोलोने तिला भविष्य पाहण्याची शक्ती दिली आणि तिने नकार दिल्यावर शाप दिला, की तू खरं सांगशील पण कुणी विश्वास ठेवणार नाही. वहीत प्रत्येक शब्दापुढे तीनच रकाने करा: घर कुठलं, बळ कशाचं, मराठीत कुठल्या संदर्भात काय.